बारा बोअरचा धक्का: उमरखेडच्या शिवारातील एक संवाद

उमरखेड तालुक्याच्या ज्या भागात पैनगंगा अभयारण्याची हद्द गावांच्या शिवाराला येऊन भिडते, तेथे बंदुकीचा विषय शिकारीच्या हौसेतून क्वचितच निघतो. सोयाबीनच्या शेंगा भरल्या, तूर फुलावर आली किंवा हरभरा घाटे धरू लागला की रानडुकरांचे कळप आणि रोही, म्हणजेच नीलगायी, वावरात उतरतात, आणि रात्रीची जागल करणाऱ्या कास्तकाराच्या मनात परवान्याच्या बंदुकीचा विचार येतो. कोणती बंदूक घ्यावी, तिच्यात कोणते काडतूस घालावे आणि ती उडाल्यावर खांद्याला बसणारा धक्का कसा सोसावा, हे प्रश्न अशा वेळी वेगवेगळे विचारले जातात. वास्तविक ते एकाच प्रश्नाचे भाग आहेत, कारण धक्क्याला बिचकणाऱ्या माणसाचा नेम कोणत्याही बंदुकीने लागत नाही.

या प्रश्नाच्या दोन बाजू पुढे दोन व्यक्तींच्या तोंडून मांडल्या आहेत, आणि त्या व्यक्ती भूमिका स्पष्ट करण्यासाठीच योजलेल्या आहेत. एक बिटरगावकडचा तरुण कास्तकार आहे, ज्याच्या आजोबांची दुनळी बंदूक घरात आहे आणि जो ती वारसाने स्वतःच्या नावावर करून घेण्याच्या किंवा नवी घेण्याच्या विचारात आहे. दुसरे उमरखेड शहरात स्थायिक झालेले निवृत्त सुभेदार आहेत, ज्यांनी सैन्यातील नोकरीनंतर काही वर्षे बँकेच्या दारावर बारा बोअरची बंदूक घेऊन पहारा केला आहे.

कास्तकाराची मागणी सरळ आहे. "सुभेदारसाहेब, डुक्कर म्हणजे काही तितर नव्हे. त्याच्या खांद्यावरचे कातडे इतके जाड असते की बारीक छर्रा आत जातच नाही, आणि जखमी झालेले डुक्कर माणसावरच उलटते. म्हणून काडतूस मिळेल तितके जड पाहिजे. बंदूक मात्र हलकी हवी, कारण ती रात्रभर बांधाबांधाने वागवायची असते."

"हलकी बंदूक आणि जड काडतूस या दोन्ही गोष्टी एकदम मागितल्या, भाऊ, की तिसरी न मागता पदरात पडते," असे सुभेदारांचे उत्तर असते. "ती म्हणजे धक्का."

या उत्तरामागचे शास्त्र साधे आहे, पण ते आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. बारा बोअर या संज्ञेचा अर्थ असा की एक पौंड शिशाचे 12 सारखे गोळे केले तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल त्या नळीचा व्यास, जो सुमारे 18.5 मिलिमीटर भरतो. त्यामुळे बोअरचा आकडा वाढला की नळी अरुंद होते आणि वीस बोअरची नळी सुमारे 15.6 मिलिमीटरची असते. बंदूक उडते तेव्हा छर्रे, त्यांच्यामागची डाट आणि जळालेल्या दारूचा वायू पुढे जातात आणि त्या सर्वांच्या एकत्रित संवेगाइतकाच संवेग बंदुकीला मागे ढकलतो. 32 ग्रॅम छर्ऱ्यांचे काडतूस सेकंदाला सुमारे 370 मीटर वेगाने सुटते असे धरले, तर 3.2 किलो वजनाच्या बंदुकीत मागे येणारी ऊर्जा ढोबळमानाने 35 जूल होते. तेच काडतूस 2.7 किलोच्या बंदुकीतून झाडले तर ती 41 जुलांवर जाते. याउलट 3.2 किलोच्याच बंदुकीत 24 ग्रॅमचे काडतूस घातले, जे ऑलिंपिकमधील उडत्या चकत्यांच्या नेमबाजीत वापरले जाते, तर ऊर्जा 21 जुलांच्या आसपास उतरते. छर्ऱ्यांचे वजन एक चतुर्थांश कमी झाले आणि धक्का मात्र चाळीस टक्क्यांच्या जवळपास घटला, ही गोष्ट बंदूक निवडणाऱ्याने सर्वांत आधी ध्यानात घ्यावी, कारण मागे येणारी ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

कास्तकाराला हे गणित मान्य असले तरी त्याचे महत्त्व मान्य नाही. "पण धक्का असतो तो क्षणाचा. क्विंटलाची पोती ज्या खांद्यावरून चढवली-उतरवली जातात, तो खांदा एका काडतुसाने काय निखळणार आहे?"

येथे सुभेदार खांद्याच्या ताकदीचा विषय बाजूला सारतात, आणि ते योग्यच करतात. धक्क्याने खरे नुकसान होते ते बंदूक उडण्यापूर्वी. पहिल्या दोन-चार बारांचा दणका शरीर लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणी, मनाला विचारल्याशिवाय, डोळे मिटतात, खांदा पुढे झुकतो, मूठ आवळते आणि चाप हळूहळू दाबला जाण्याऐवजी हिसक्याने ओढला जातो. यालाच नेमबाज बिचकणे म्हणतात. त्यात आवाजाचाही वाटा मोठा असतो, कारण छर्ऱ्याच्या बंदुकीचा आवाज झाडणाऱ्याच्या कानाशी 150 डेसिबलच्या वर जातो. कानात बोळे घातले की पुष्कळांचे बिचकणे निम्म्यावर येते, असा शिकवणाऱ्यांचा अनुभव आहे. पोती उचलणे हे जाणीवपूर्वक केलेले काम आहे आणि बिचकणे ही अनैच्छिक प्रतिक्रिया आहे, त्यामुळे दणकट माणूसही तितकाच बिचकतो आणि बऱ्याचदा ते कबूल करायला अधिक वेळ घेतो.

बिचकणे ओळखण्याची सुभेदारांची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. मोकळ्या, परवानगी असलेल्या जागी, समोर मातीचा उंच बांध असताना, ते दुनळी स्वतः भरतात आणि झाडणाऱ्याला पाहू देत नाहीत. कधी नळीत खरे काडतूस असते, कधी दारू व छर्रे नसलेले सरावाचे. झाडणारा नेम धरतो, चाप ओढतो आणि बार न होता नुसता खट् असा आवाज येतो. त्याच क्षणी नळीचे टोक हातभर खाली गेलेले सर्वांना दिसते, आणि ते पाहून सर्वांत जास्त चकित होतो तो झाडणारा स्वतः, कारण बंदूक आपण स्थिर धरली होती याची त्याला खात्री असते. खरा बार होतो तेव्हा हा झोक धक्क्यात लपून जातो. म्हणूनच वर्षानुवर्षे बंदूक बाळगणाऱ्यालाही आपले छर्रे जनावराच्या पुढे जमिनीत का घुसतात हे उमगत नाही.

कास्तकार मग परदेशाचा दाखला देतो. अमेरिकेत वसंत ऋतूत टर्की या मोठ्या रानपक्ष्याची शिकार कायदेशीर असते आणि तिथले शिकारी साडेतीन इंची काडतुसे वापरतात; एका पक्ष्यासाठी त्यांना एवढे जड काडतूस लागते, तर डुकरासाठी साधे कसे पुरेल, असे त्याचे म्हणणे आहे. या दाखल्याचा विचार करताना प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. टर्की ज्या कुळातील पक्षी आहे त्याच कुळात मोर, रानकोंबडा आणि तितर मोडतात. 1963 पासून राष्ट्रीय पक्षी असलेला मोर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि अशा कोणत्याही रानपक्ष्याची शिकार भारतात गुन्हा आहे. तेव्हा टर्कीच्या शिकारीचा येथे उपयोग एवढाच की धक्क्याच्या बाबतीत तिकडील लोकांनी काय अनुभवले ते समजून घ्यावे.

आणि तो अनुभव कास्तकाराच्या बाजूने बोलत नाही. साडेतीन इंची बारा बोअर काडतूस 1988 मध्ये बाजारात आले. टर्कीच्या डोक्यावर आणि मानेवरच नेम धरायचा असतो, ते लक्ष्य लहान असते, म्हणून जास्तीत जास्त छर्रे त्या जागी पडावेत या हेतूने टर्कीच्या शिकाऱ्यांनी ते वापरायला घेतले. मात्र या काडतुसात सुमारे 57 ग्रॅम छर्रे असतात, आणि साधारण बंदुकीत त्याचा धक्का 32 ग्रॅमच्या काडतुसाच्या अडीच ते तीन पट होतो. शिवाय टर्कीचा शिकारी झाडाला पाठ टेकून बसलेला असतो, त्यामुळे उभ्या माणसाचे शरीर मागे झुलून जो धक्का पचवते तो बसलेल्याच्या खांद्यात आणि गालात जिरतो. पुढे टंगस्टनचे छर्रे आले, ज्यांची घनता शिशाच्या दीडपटीहून अधिक असते, आणि बारीक पण जड छर्ऱ्यांमुळे वीस बोअरच्या हलक्या काडतुसानेही तेच काम होऊ लागले. तेव्हा अनेक अनुभवी शिकारी मोठ्या काडतुसाकडून लहानाकडे परतले. जी माणसे सर्वांत जड काडतुसाच्या नादी लागली होती त्यांनीच ते खाली ठेवले, हा कास्तकाराने दिलेल्या दाखल्याचा उत्तरार्ध आहे.

बंदुकीच्या वजनाबद्दल मात्र कास्तकाराचे म्हणणे इतक्या सहज खोडता येत नाही. "साडेतीन किलोची बंदूक बँकेच्या दारात उभ्याने वागवणे वेगळे आणि चिखलाच्या बांधावरून, एका हातात बॅटरी धरून वागवणे वेगळे. जड बंदूक शेवटी माळ्यावर, म्हणजे जागलीच्या मचाणावर, टेकून ठेवली जाते, आणि जनावर आले की ती हाताशी नसते." सुभेदार पट्ट्याचा उपाय सुचवतात आणि फिरण्यापेक्षा माळ्यावर बसूनच जागल करावी असे म्हणतात, पण ज्याचे वावर तीन तुकड्यांत विखुरलेले आहे त्याला एका माळ्यावर बसून राहणे परवडत नाही. जे हत्यार हाती नसते त्याच्या स्थिरतेचा उपयोग नाही, आणि माळ्यावर बेवारस ठेवलेली बंदूक हा तर निराळाच धोका आहे. यातून निघणारी वाट अशी दिसते की बंदूक तीन किलोच्या थोडी वर असावी, त्याहून हलकी नको, आणि उरलेला धक्का काडतूस हलके करून व दस्ता अंगाला बेतून घेऊन कमी करावा.

दस्त्याची गोष्ट उमरखेडच्या कोणत्याही घरात तपासून पाहता येण्यासारखी आहे. रिकामी बंदूक, दोन्ही नळ्या उघडून पाहिल्यानंतर, उभी धरून दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवले आणि हात नळीच्या दिशेने वर सरळ ठेवला, तर तर्जनीचे पहिले पेर चापाशी सहज पोहोचले पाहिजे. दस्ता लांब असेल तर तो खांद्याच्या खोलगट भागाऐवजी दंडावर टेकतो आणि दुसऱ्या दिवशी तेथे काळेनिळे होते. आखूड असेल तर अंगठ्याचे हाड नाकावर आदळते. आजोबांच्या बेताचा दस्ता नातवाला लागू पडेलच असे नाही, आणि धक्का जास्त आहे अशी जी तक्रार होते तिच्यामागे काडतुसापेक्षा दस्ताच अधिक वेळा असतो. शेवटाला रबराची गादी बसवली तर ऊर्जा तेवढीच राहते, पण ती किंचित जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरते. गाल दस्त्याला घट्ट टेकलेला असावा, कारण सैल ठेवलेल्या गालावर दस्ता आपटतो. मान ताठ असावी. वजन पुढच्या पायावर असावे. गादी सोडली तर या गोष्टींना पैसा लागत नाही, आणि सुभेदारांच्या मते नव्या बंदुकीची किंमत विचारण्याआधी या करून पाहाव्यात.

जुन्या बंदुकीत आणखी एक बाब दडलेली असते. काडतूस ज्या भागात बसते त्याची, म्हणजे घराची, लांबी अनेक जुन्या दुनळ्यांत 65 मिलिमीटर असते, तर आजची बरीच काडतुसे 70 मिलिमीटरची असतात. न उडालेले काडतूस घडी घातलेल्या तोंडामुळे आखूड दिसते आणि त्या जागेत आरामात बसते. उडाल्यावर मात्र त्याचे तोंड उलगडून पुढच्या अरुंद भागात शिरते, दाब वाढतो आणि त्याबरोबर धक्काही वाढतो. दुसरा दोष झिजलेल्या यंत्रणेचा: एक चाप ओढताच दोन्ही नळ्या एकदम उडतात आणि दुप्पट काडतुसाचा दणका बसतो. आजोबांची बंदूक फार लाथ मारते असे घरात सांगितले जात असेल, तर तो त्या बंदुकीचा स्वभाव मानण्याऐवजी परवानाधारक कारागिराकडून या दोन्ही गोष्टी मोजून घ्याव्यात.

छर्ऱ्यांच्या निवडीवर दोघांचा वाद सर्वांत तीव्र होतो. भारतात बारा बोअरची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात बनतात आणि शक्तिमान या नावाने विकली जातात. त्यांत बारीक क्रमांकांपासून एसजी आणि एलजी या जाड छर्ऱ्यांपर्यंत प्रकार असतात. कास्तकाराला एलजी हवे असते आणि नळी शेवटाला आवळलेली, म्हणजे पूर्ण चोकची, हवी असते, जेणेकरून छर्रे लांबवर एकत्र जातील. पूर्ण चोकची कसोटी अशी मानतात की 40 यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, 30 इंच व्यासाच्या वर्तुळात 70 टक्क्यांच्या आसपास छर्रे पडावेत. पण ही कसोटी बारीक छर्ऱ्यांची आहे. एलजीचे छर्रे एका काडतुसात मोजकेच असतात आणि अंतर वाढले की त्यांच्यामधून डुक्कर निसटण्याइतकी फट पडते, त्यामुळे पंचवीस-तीस मीटरच्या पुढे त्यांचा भरवसा धरता येत नाही.

"आणि जे छर्रे डुकराला लागत नाहीत ते जातात कुठे, भाऊ?" सुभेदार विचारतात. "एसजीचा छर्रा कोन मिळाला तर सहाशे मीटरच्याही पुढे जातो. तेवढ्या अंतरात शेजारच्या तिघा-चौघांचे माळे असतात, आणि तेही जागलीलाच आलेले असतात."

या प्रश्नाला कास्तकाराकडे उत्तर नाही, आणि असूही शकत नाही. हंगामात शिवारात रात्री माणसे असतात, पिकाच्या उंचीमुळे ती दिसत नाहीत, आणि बिचकणाऱ्या माणसाची नळी हातभर कोठेही जाऊ शकते. म्हणून माळ्यावरून खाली, जमिनीच्या दिशेने, उजेडात स्पष्ट दिसणाऱ्या जनावरावर आणि तीस मीटरच्या आतच बार करावा, हा नियम काडतुसाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

कायदा या वादाला ज्या चौकटीत बसवतो ती उमरखेडच्या बाबतीत विशेष अरुंद आहे. शस्त्र अधिनियम 1959 चे 13 वे कलम पीकसंरक्षणासाठी मूलतः ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे तोंडाकडून दारू भरण्याच्या बंदुकीचा, विचार करते आणि ती अपुरी असल्याचे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तरच दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची वाट मोकळी ठेवते. वन्यजीव अधिनियमाच्या 34 व्या कलमानुसार अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांची नोंदणी आवश्यक असते आणि तेथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. परवाना मिळाला तरी जनावर मारण्याचा अधिकार त्यातून येत नाही. उभ्या पिकाला घातक ठरलेले रानडुक्कर वा रोही मारण्यासाठी 11 व्या कलमाखाली लेखी आदेश लागतो, आणि मारलेले जनावर 39 व्या कलमानुसार शासनाची मालमत्ता होते. जखमी डुक्कर अभयारण्याच्या हद्दीत पळाले तर 31 व्या कलमामुळे शस्त्र घेऊन त्याच्यामागे जाता येत नाही. म्हणजे चुकलेल्या नेमाची भरपाई करण्याची संधी बिटरगावच्या कास्तकाराला बऱ्याचदा नसते. तडफडणारे, चवताळलेले जनावर जंगलात राहते आणि दुसऱ्या दिवशी सरपणाला किंवा गुरांमागे गेलेल्या माणसाच्या वाट्याला येते. धक्क्याचा प्रश्न झाडणाऱ्याच्या खांद्यापुरता उरत नाही तो यामुळे.

"मग बंदूक घेऊच नये, झटका मशीनच्या तारा लावाव्यात, असाच अर्थ होतो ना?" कास्तकार विचारतो. सुभेदार त्याला नाही म्हणत नाहीत. सौरऊर्जेवरची, अधूनमधून सौम्य झटका देणारी तार बहुतेक रात्री पुरेशी ठरते असे त्यांचे मत आहे, आणि घरातील विजेचा प्रवाह थेट तारेत सोडणे हा माणसांचाही जीव घेणारा गुन्हा असल्याचे ते आवर्जून सांगतात. कळप तारेला सरावला, लेखी आदेश हाती आला, तरच बंदुकीची वेळ येते.

पण कास्तकाराची अखेरची तक्रार सर्वांत वजनदार आहे. बिचकणे सरावानेच जाते असे सांगितले जाते, आणि परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. सरावात संपवली तर हंगामाला काय उरणार, आणि सराव करायचा तरी कोठे? शस्त्र नियम 2016 मध्ये परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे, परंतु हत्यार कसे भरावे, कसे रिकामे करावे आणि कसे ठेवावे एवढ्याने बिचकणे जात नाही. पीकसंरक्षणाच्या परवान्यापूर्वी उमेदवाराने स्वतःच्या बंदुकीतून, प्रत्यक्ष वापरायच्या काडतुसाने, तीस मीटरवर टांगलेल्या मोठ्या कागदावर बार करून दाखवावेत आणि त्यासाठीची काडतुसे मर्यादेबाहेर धरावीत, ही अपेक्षा वाजवी आहे. तो कागद पाहूनच काडतूस, चोक आणि माणूस या तिघांचा मेळ बसतो की नाही ते कळते.

तोवर सुभेदारांचा सल्ला असा की सराव घरी, रोज, सरावाच्या रिकाम्या काडतुसांनी करावा: खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, नळ्या दोनदा तपासून, भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नेम धरावा आणि चाप इतका हळू दाबावा की खट् झाल्यावरही माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा मणी, ठिपक्यावरच राहील. ती सलग वीस वेळा हलली नाही की मग चोवीस ग्रॅमची चार-पाच काडतुसे, कानांत बोळे घालून, आणि अगदी शेवटी एलजीची दोन. कास्तकार ते मान्य करतो, फक्त आजोबांची बंदूक आधी कारागिराला दाखवून तिच्या घराची लांबी 65 आहे की 70 हे मोजून घ्यायचे ठरवतो.